नातीसाठी वाद्य

नागपूर शहराच्या दक्षिणेस बेसा नावाचे गाव आहे. माझ्या लहानपणी ते खरोखरच गाव होते. सभोवार शेते, मधून जाणारी बैलगाडीची वाट आणि सायंकाळी देवळातून ऐकू येणारा टाळांचा नाद, एवढेच त्याचे वैभव. आज त्या शेतांच्या जागी अनेक मजली इमारती उभ्या आहेत. शहर कोठे संपते आणि गाव कोठे सुरू होते, हे नवख्या माणसाला आता सांगता येणार नाही. आमचे जुने घर मात्र अजून जागच्या जागी आहे आणि त्या घराच्या माळ्यावर एक हार्मोनियम आहे. ही हकीकत त्या हार्मोनियमची आणि माझ्या पाच वर्षांच्या नातीची आहे.

गेल्या वर्षी तान्हा पोळा नुकताच पार पडला होता. मोठ्या पोळ्याला शेतकरी आपल्या बैलांची पूजा करतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपूर भागात लहान मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. लोक त्या बैलांना ओवाळतात आणि मुलांच्या हातावर खाऊ किंवा पैसे ठेवतात. त्यास बोजारा म्हणतात. माझा नातू सातवीत शिकतो. आपण आता मोठे झालो, असे त्याला वाटत असले, तरी धाकट्या बहिणीच्या निमित्ताने तोही चार घरे हिंडून आला होता. रात्री बोजाऱ्याचे पैसे मोजता मोजता तो म्हणाला, “आजोबा, परवा छकुलीचा वाढदिवस आहे. या पैशांतून तिच्यासाठी एखादे वाद्य आणूया का? ती दिवसभर ताटल्याच वाजवत असते.”

मुलाचे म्हणणे खरे होते. जेवणाचे ताट पुढे आले, की आमच्या नातीचा चमचा आधी ताटाच्या काठावर वाजे आणि मग भातात जाई. पाऊस पत्र्यावर पडू लागला, की ती टाळ्या वाजवी. तेव्हा वाद्य आणावे, याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. मतभेद झाला तो कोणते आणावे, यावर.

माझा मुलगा म्हणाला, “विजेवर चालणारा की-बोर्ड आणू. त्यात शंभर वाद्यांचे आवाज असतात.” सूनबाईंना सतार आवडते. त्या म्हणाल्या, “शिकायचेच तर मिरजेची सतार आणावी. जन्मभर पुरेल.” नातवाच्या मनात ढोल होता, तो मुलीला हवा होता की त्याला स्वतःला, हे मी विचारले नाही. “काहीही आणा, पण माझ्या दुपारच्या झोपेच्या वेळी वाजू देऊ नका,” एवढीच आमच्या घरातील वडीलधाऱ्या बाईंची, म्हणजे नातीच्या आजीची, अट होती.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी काहीच बोललो नाही. माझी दृष्टी नकळत माळ्याकडे गेली होती.

विद्यार्थी मित्रांनो, ती हार्मोनियम, म्हणजे आमच्या बोलीत पेटी, माझ्या वडिलांनी १९६१ साली विकत घेतली. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांना नाट्यसंगीताचे विलक्षण वेड होते. परंतु स्वतः शिकण्याची संधी त्यांना कधी मिळाली नव्हती. आपल्या मुलाने तरी शिकावे, या इच्छेने त्यांनी ती पेटी नागपुरातून सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणली. पेटी उत्तम होती. शिसवी लाकडाची, पितळी कड्यांची. घरात आली त्या दिवशी आळीतील माणसे ती पाहायला आली होती.

पण मी सहा वर्षांचा होतो. उजवा हात स्वरपट्ट्यांवर ठेवला, की डावा हात पलीकडच्या भात्यापर्यंत पोहोचत नसे. आणि भात्यापर्यंत वाकलो, की उजवा हात पट्ट्यांवरून सुटे. थोड्याच वेळात खांदा दुखू लागे. वडील संध्याकाळी घरी नसत. शाळा सुटल्यावर ते शिकवण्यांना जात आणि दिवेलागणीनंतर कितीतरी वेळाने परतत. आल्यावर मोठ्या उत्सुकतेने विचारीत, “आज काय वाजवलेस?” माझ्यापाशी उत्तर नसे. हळूहळू मला त्या प्रश्नाची भीती वाटू लागली आणि प्रश्नाच्या भीतीने पेटीचीही. दोन वर्षांनी पेटी माळ्यावर गेली. वडिलांनी मला त्याबद्दल एका शब्दानेही दुखवले नाही. दरवर्षी दसऱ्याला मात्र ते ती खाली काढीत, पुसून तिला फूल वाहत आणि पुन्हा कापडात गुंडाळून वर ठेवीत.

त्यांच्या निधनानंतर त्यांची हिशेबाची वही माझ्या हाती आली. तिच्यात दोन वर्षे दर महिन्यास एक ओळ होती: ‘पेटीचा हप्ता’, आणि तिच्या समोर त्या महिन्यातील शिकवण्यांचे उत्पन्न. रक्कम बहुतेक तीच. म्हणजे ज्या सायंकाळी माझ्याजवळ बसून त्यांनी भाता हलवला असता, त्याच सायंकाळी विकून त्यांनी मला पेटी घेऊन दिली होती! त्यांचे प्रेम कमी नव्हते. वाद्यही हलके नव्हते. चूक झाली ती एवढीच, की वाद्य मुलाच्या मापाचे नव्हते आणि वाद्यासोबत जे द्यावयाचे असते ते द्यायला त्यांच्यापाशी काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवले, की नातीचे वाद्य तिला सोबत नेऊनच निवडावयाचे. भेटवस्तू अकस्मात पुढे ठेवण्यात एक गंमत असते, हे खरे. पण चप्पल घेताना आपण मुलाचा पाय मापून पाहतो, मग वाद्य घेताना हात का मापू नये?

आम्ही तिघे नागपुरातील महाल भागात गेलो. तेथे एका वाद्यांच्या दुकानात एक वृद्ध कारागीर तबल्याला वादी आवळीत बसले होते. मी सर्व हकीकत सांगितली. ते हसून म्हणाले, “भाऊ, वाद्य मोठ्या माणसाच्या हौसेला बघू नका. तीन ठिकाणी बघा. पोरीच्या हाताला, तिच्या दमाला आणि तिच्या कानाला. मग बघा तुमच्या घराला.” त्या एका वाक्यात वाद्य निवडण्याचे सर्व शास्त्र आले आहे, असे मला वाटते. म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

पहिली कसोटी हाताची. नातीने सर्वांत आधी भिंतीला टेकलेल्या सतारीकडे धाव घेतली. दुकानदारांनी तिला खाली बसवून सतार तिच्या मांडीवर दिली. भोपळ्यामागे मुलगी दिसेनाशी झाली! आपल्या महाराष्ट्रात सतारी आणि तंबोरे घडविण्याचे मोठे केंद्र म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी तेथे हे काम सुरू केले. पंढरपूर भागात पिकणारे मोठे, कडू भोपळे वाळवून त्यांपासून या वाद्यांचे तुंबे तयार करतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. असे हे थोर वाद्य; परंतु त्याच्या तारा दाबण्यास बोटांत जे बळ लागते आणि दांडी सावरण्यास हाताची जी लांबी लागते, ती पाच वर्षांच्या मुलापाशी नसते. तार बोटाला रुतली, की मूल एक दिवस रडेल आणि दुसऱ्या दिवशी सतारीकडे पाहणार नाही.

पाश्चात्त्य देशांत व्हायोलिन हे वाद्य निरनिराळ्या मापांत करतात. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनखेरीज पाऊण, अर्धे, पाव, एवढेच नव्हे तर त्याहूनही लहान व्हायोलिन मिळते. मूल वाढेल तसे वाद्य बदलावयाचे. यावरून एक गोष्ट ध्यानात येते: वाद्याचे माप मुलाने गाठावयाचे नसून मुलाचे माप वाद्याने गाठावयाचे असते.

दुसरी कसोटी दमाची, म्हणजे श्वासाची. दुकानात बासऱ्यांची एक पेंडी टांगलेली होती. नातीने एक बासरी ओठांना लावून जोरात फुंकर घातली. नुसती हवा सुटली. स्वर उमटला नाही. आडव्या बासरीत फुंकर जोराची नव्हे, तर नेमक्या कोनाची लागते. शिवाय सहाही छिद्रे बोटांनी पूर्ण झाकली गेली पाहिजेत. एक जरी बोट सरकले, तरी स्वर फाटतो. त्यातून सहासात वर्षांच्या सुमारास मुलांचे पुढचे दुधाचे दात पडू लागतात आणि ओठांची ठेवण काही काळ बदलते. म्हणून बासरीची घाई करू नये. आठ-नऊ वर्षांच्या मुलास लहान लांबीची, जवळजवळ छिद्रे असलेली बासरी द्यावी. ती स्वस्त असते आणि खिशात मावते. पण तिचा स्वर शुद्ध आहे की नाही, हे जाणकाराकडून वाजवून घेतल्याशिवाय जत्रेतील बासरी विकत घेऊ नये.

तिसरी कसोटी कानाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. लहान मूल भाषा कशी शिकते? आधी महिनोन्महिने ऐकते आणि मग बोलते. संगीताचेही तसेच आहे. थोर तबलावादक झाकीर हुसेन यांचा जन्म १९५१ साली मुंबईत झाला. त्यांचे वडील उस्ताद अल्लारखाँ यांनी नवजात बाळाच्या कानात प्रथम तबल्याचे बोल म्हटले, अशी आठवण झाकीर हुसेन सांगत असत. प्रत्येक घरी अल्लारखाँ कोठून असणार? पण प्रत्येक घरी कान असतात. मुलाच्या हाती जे पहिले वाद्य येते, त्याचा स्वर त्याच्या कानात मुरतो. ते वाद्य बेसूर असेल, तर बेसूर स्वरच त्यास खरा वाटू लागतो.

नातवाने तेवढ्यात एक रंगीत खेळणे उचलले. लाकडाच्या फळीवर धातूच्या आठ पट्ट्या बसविलेल्या होत्या आणि सोबत दोन छोट्या काठ्या होत्या. दुकानदारांनी शेजारच्या पेटीवर षड्ज धरला आणि त्यास पहिली पट्टी वाजवायला सांगितली. दोन्ही स्वर जुळले नाहीत. “पहिली आणि आठवी पट्टी वाजव,” ते म्हणाले, “दोन्ही ‘सा’ आहेत. एक खालचा, एक वरचा. ते एकमेकांत मिसळायला पाहिजेत.” ते मिसळले नाहीत. मग त्यांनी दुसरे, थोडे महाग वाद्य काढले. त्याच्या पट्ट्या मात्र सुरेल निघाल्या. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांनी मुलांसाठी याच जातीच्या वाद्यांचा उपयोग केला. त्यांच्या वाद्यांतील पट्ट्या काढता व घालता येतात. मुलाला आरंभी तीन-चार स्वरच द्यावयाचे, म्हणजे चुकीचा स्वर लागण्याचा धाक उरत नाही.

पेटीविषयीही येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. मूळ हार्मोनियम युरोपातली. १८४० च्या सुमारास पॅरिसमधील देबँ या कारागिराने ती तयार केली. तिचा भाता पायांनी चालवीत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याचे द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून वाजवता येईल अशी हाताच्या भात्याची पेटी प्रचारात आणली. तिचे स्वर ठरावीक असतात. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. या कारणाने १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती. ती १९७१ मध्ये शिथिल झाली. तथापि गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी याच पेटीला महाराष्ट्रात मानाचे स्थान मिळवून दिले. वाद्यात उणीव असते. वादकाचा कान ती भरून काढतो.

माझ्या मुलाने सुचविलेला की-बोर्डही आम्ही पाहिला. त्याचे गुण नाकारता येणार नाहीत. त्याचा स्वर उतरत नाही, आवाज कमी-जास्त करता येतो आणि मोठ्या मुलांना स्वरलेखन शिकण्यास तो उपयोगी पडतो. पण त्यातील एक बटण दाबताच संपूर्ण वाद्यवृंद आपोआप वाजू लागला. नात हात मागे घेऊन नुसती पाहत राहिली. दुकानदार म्हणाले, “बघा, आता वाद्य वाजवतंय अन् पोरगी ऐकतेय.” मग त्यांनी ते बटण बंद केले.

आता राहिली चौथी कसोटी, घराची. वाद्य कितीही चांगले असले, तरी ते ज्या घरात वाजावयाचे त्या घराला ते झेपले पाहिजे. तबलाच घ्या. त्याच्या पुडीवरील काळी शाई ही लोहचूर्ण आणि खळ यांचे थर घोटून बसवितात. त्या शाईमुळेच सामान्य ढोलाच्या गोंगाटातून तबल्याचा सुरेल नाद जन्मास येतो. आपल्या वाद्यांतील हे रहस्य सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली शास्त्रीय रीतीने जगापुढे मांडले. हे रामन १९१० च्या सुमारास सरकारी नोकरीनिमित्त काही काळ आपल्या नागपुरातच होते. परंतु तबला म्हटला, की तो सुरात लावणारा कोणी हवा, शिकवणारे गुरुजी हवेत, पावसाळ्यात ओल्या हवेने सैलावलेली पुडी ताणणारे हात हवेत. हे सर्व नसेल, तर तबला काही महिन्यांतच खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. घराच्या कसोटीत सुरक्षितताही येते. फार लहान मुलांच्या वाद्यास सुटणारे घुंगरू वा खिळे नसावेत. ती तोंडात घालतात. कर्कश पिपाणी कानाजवळ वाजवू देऊ नये. आणि वाद्य खेळणे म्हणून विकले जात असेल, तर त्यावर आयएसआय खूण पाहावी. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांना ती बंधनकारक झाली आहे.

एवढा वेळ आम्ही मोठी माणसे बोलत होतो. नात कोठे गेली म्हणून पाहतो, तो ती दुकानाच्या कोपऱ्यात बसून एक लहानशी खंजिरी वाजवीत होती! खंजिरी म्हणजे लाकडाचे एक कडे. एका बाजूने कातड्याने मढविलेले आणि बाजूच्या खाचांत पितळी चकत्या बसविलेल्या. तिने ती डाव्या हातात बरोबर पेलली होती. उजव्या हाताने थाप मारी, चकत्या छुमकत, आणि ती हसे. लय मध्येच धावत होती. पण थाप थांबत नव्हती. दुकानातील इतकी वाद्ये तिने हाताळली; त्यांपैकी हे एकच वाद्य तिला कोणी दाखविले नव्हते.

विदर्भातील माणसाला खंजिरी म्हटले, की एकच मूर्ती आठवते: राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. हातात खंजिरी घेऊन ते गावोगाव भजने गात. स्वच्छता, श्रमदान, व्यसनमुक्ती, गावाची एकी हे त्यांच्या भजनांचे विषय. १९५५ साली जपानमध्ये भरलेल्या जागतिक परिषदेस ते गेले. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा सीमेवरील सैनिकांना धीर देण्यासाठीही त्यांनी भजने गायिली. आज नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव आहे. लाखो माणसांना जागे करणारे त्यांचे वाद्य हातभर कड्याहून मोठे नव्हते! महाग वाद्याखेरीज संगीत शिकता येत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

मी कातडे कोणते आहे, हे विचारले. पूर्वी, विशेषतः दक्षिणेत, खंजिरीला घोरपडीचे कातडे लावीत. आता तो प्राणी कायद्याने संरक्षित आहे. ही खंजिरी बकऱ्याच्या कातड्याची होती. चकत्यांचे खिळे घट्ट होते. कड्याची कड घासून गुळगुळीत केलेली होती. मी पैसे दिले. मग नातवाने खिशातून बोजाऱ्याचे पैसे काढले आणि कास्याच्या लहान टाळांची एक जोडी घेतली. मी विचारले, “अरे, ही कोणासाठी?” तो म्हणाला, “माझ्यासाठी. ती एकटी कशी वाजवणार?”

मित्रांनो, माझ्या वडिलांना जे उमगले नव्हते आणि मला साठ वर्षांनी वहीतून कळले, ते या मुलाने सहज सांगून टाकले.

जपानमध्ये शिनिचि सुझुकी नावाचे एक थोर व्हायोलिनशिक्षक होऊन गेले. १८९८ ते १९९८ असे दीर्घ आयुष्य त्यांना लाभले. मूल मातृभाषा शिकते त्याच रीतीने संगीतही शिकू शकेल, असे त्यांचे मत होते. लहान मूल त्यांच्याकडे आले, की ते त्याच्या हाती लगेच व्हायोलिन देत नसत. आधी ते त्याच्या आईला किंवा वडिलांना वाजवायला शिकवीत. घरातील मोठे माणूस रोज वाजवताना पाहून, ऐकून, मुलाला आपणहून वाटे, की मलाही ते पाहिजे. मग ते त्याच्या हाती येई. आमच्या बेशाच्या नातवाने सुझुकींचे नावही ऐकले नव्हते. पण मर्म तेच.

दुसऱ्या दिवशी वाढदिवस झाला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी गणपती आले. आरतीच्या वेळी नात पाटावर उभी राहून खंजिरी वाजवू लागली. पहिल्या कडव्यात ती सर्वांच्या पुढे धावली. दुसऱ्या कडव्यात भाऊ तिच्याकडे पाहून टाळ जरा जोराने वाजवू लागला. तिसऱ्या कडव्यात दोघांची लय जुळली. कोणी तिला चूक दाखविली नाही. कोणी शाबासकीही दिली नाही. आरती चालू होती आणि त्या आरतीत तिला एक जागा मिळाली होती, एवढेच.

गणपतींचे विसर्जन झाल्यावर मी माळ्यावरून पेटी उतरवली. कापड सोडले. दोन-तीन स्वर मुके झाले होते आणि भात्याला एके ठिकाणी चीर गेली होती. महालातल्या त्याच कारागिरांनी ती दुरुस्त करून दिली. आता रोज दिवेलागणीला आम्ही पाव तास बसतो. पेटीचा भाता वादकाच्या पलीकडच्या बाजूस असतो. म्हणून मी नातीच्या समोर बसतो आणि भाता हलवतो. ती आपले दोन्ही हात मोकळे ठेवून पट्ट्या दाबते. अजून ती फक्त ‘सा’ दाबते, कधी ‘प’. मी त्या स्वरात गुणगुणतो, तीही गुणगुणते. नातू टाळ धरतो. पाव तास झाला, की तिला खेळायला जावेसे वाटते आणि मी तिला जाऊ देतो.

परवा ती गेल्यावर मी तसाच भाता हलवीत बसलो होतो. वाटले, सहा वर्षांच्या मुलाला या पेटीसमोर एक माणूस हवा होता. आणि तो माणूस तर त्याच वेळी, त्याच मुलाच्या पेटीसाठी, दुसऱ्यांच्या घरी पाढे शिकवीत होता. त्यांच्या कष्टांचे मोल मी कमी मानीत नाही. त्यांनी दिलेली पेटी वाया गेली नाही. तिला वाजायला एक पिढी उशीर झाला, इतकेच.

तुमच्यापैकी कित्येकांना धाकटी भावंडे असतील. त्यांना वाद्य द्यावेसे वाटले, तर त्यांचा हात, त्यांचा श्वास आणि त्यांचा कान पाहा, आपले घर पाहा. पैसे नसतील, तर चिनी मातीच्या पाच-सहा पेल्यांत कमी-अधिक पाणी भरून लाकडी काडीने हलकेच वाजवा. पाणी वाढेल तसा स्वर उतरेल आणि घरातच लहानसे जलतरंग तयार होईल. पण वाद्य कोणतेही असो, ते देऊन बाजूला होऊ नका. त्याच्यासोबत रोजचा पाव तासही द्या. बाजारात तेवढी एकच वस्तू विकत मिळत नाही.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी तीन-चार वाक्यांत लिहा.
(अ) लेखकास लहानपणी पेटीची भीती का वाटू लागली?
(आ) वडिलांच्या हिशेबाच्या वहीवरून लेखकास काय कळले?
(इ) वृद्ध कारागिराने सांगितलेल्या कसोट्या कोणत्या?

२. कारणे द्या.
(अ) पाच वर्षांच्या मुलास सतार देणे योग्य नाही.
(आ) नातवाने बोजाऱ्याच्या पैशांतून टाळ विकत घेतले.
(इ) लेखक नातीच्या समोर बसून भाता हलवतो.

३. ‘वाद्याचे माप मुलाने गाठावयाचे नसून मुलाचे माप वाद्याने गाठावयाचे असते.’ या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरणांनी स्पष्ट करा.

४. ‘त्यांनी दिलेली पेटी वाया गेली नाही, तिला वाजायला एक पिढी उशीर झाला.’ लेखक असे का म्हणतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: नकळत, दिवेलागण, कसोटी, मर्म, दुमत.

६. पाच पेल्यांत निरनिराळे पाणी घेऊन जलतरंग तयार करा. खालचा ‘सा’ व वरचा ‘सा’ जुळवण्याचा प्रयत्न करा आणि आलेला अनुभव दहा ओळींत लिहा.